बाकीच्यांना सुट्टी

निरोप आला तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. धाकट्या बहिणीने तो मला पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, ‘ताई, शुक्रवारी हिला तुझ्याकडे सोडू का?’ निरोप असा: ‘शुक्रवार व शनिवारी शाळेचा वार्षिक क्रीडा महोत्सव आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्यांनी सकाळी सात वाजता पांढऱ्या बुटांसह हजर राहावे. बाकीच्यांना सुट्टी.’ त्याखाली पालकांचे अंगठे आणि जोडलेले हात. एका आईने विचारलं होतं की सुट्टीतला गृहपाठ कधी मिळेल. बाकी कोणाला काही विचारावंसं वाटलं नव्हतं. शुक्रवारी भाची आली आणि उशीत डोकं खुपसून नऊ वाजेपर्यंत लोळली. उठल्यावर पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली, मग सोफ्यावर आडवी होऊन मोबाइल छातीवर उभा केला. आठवीतली धडधाकट पोरगी. मी विचारलं, ‘तू कशातच नाहीस?’ तर म्हणाली, ‘नाही गं मावशी. आमच्या वर्गातून चारच मुली घेतल्या, रिलेला. त्या दरवर्षीच्याच आहेत.’ आवाजात तक्रार नव्हती. आपण त्यातले नाही, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं. तिसरीत की चौथीत, कोण जाणे.

‘बाकीच्यांना सुट्टी’ हे दोन शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. गणितात काठावर पास होणाऱ्या मुलाला गणिताच्या तासाला कोणी घरी पाठवत नाही, उलट जादा तासाला त्यालाच थांबवतात. गळा नसलेल्या पोरांनाही प्रार्थनेला रांगेत उभं करतात. खेळाच्या बाबतीत सगळं उलटं. जी पळतात त्यांना आणखी पळवायचं आणि ज्यांना धाप लागते त्यांना घरी बसवायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल इतकं अंग हलवावं. भाचीला आठवड्यातून दोन पीटीचे तास आहेत, त्यातला एक विज्ञानाच्या बाई पोर्शन संपवायला घेतात. शाळा वाईट नाही, हेही सांगायला हवं. मैदान आहे, शिकवणारे मनापासून शिकवतात. अडीच हजार मुलं एका दिवशी त्या मैदानावर मावणार नाहीत, हे खरंच आहे. पण मग महोत्सव कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

आम्ही पुण्यात शुक्रवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. शाळा सुटली की दप्तरं जिन्यात आणि पोरं चौकात. आधी गडी वाटायचे. दोन मोठी मुलं राजे व्हायची, बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार शोधायचा. पळण्यात चपळ असलेले दोघं एकत्र, माझ्यासारख्या दोन सुस्त मुली एकत्र. मग प्रत्येक जोडी हौदामागे जाऊन कुजबुजत नावं ठरवायची, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून राजांपुढे यायची आणि विचारायची, ‘कोणाला हवा वाघ, कोणाला हवा सिंह?’ राजाने न बघता एक नाव घ्यायचं. वाटणी बरोबरीची व्हायची आणि सगळ्यांत शेवटी नकोसं होऊन उरण्याची नामुष्की कोणावर यायची नाही. ही युक्ती कोणी शोधली माहीत नाही, पण निवड समित्यांवर बसणाऱ्या मंडळींनी वाड्याच्या चौकात एकदा येऊन बघावी इतकी ती शहाणपणाची होती. अगदीच लहान भावंडं लिंबूटिंबू असायची. त्यांनी मनसोक्त पळायचं, त्यांच्यावर राज्य यायचं नाही. वर्ष-दोन वर्षांत ती आपसूक पक्की व्हायची.

फार गोडवे गायला नकोत. त्याच चौकात क्रिकेट सुरू झालं की आम्हा मुलींचं काम एकच उरायचं: वरच्या बिऱ्हाडातल्या काकूंच्या गच्चीवर गेलेला चेंडू मागून आणायचा, कारण मुलींवर काकू ओरडत नसत. आणि वाड्यामागच्या वस्तीतली पोरं आमच्या दिंडीदरवाजातून आत येत नसत. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं.

शाळेत खो-खो होता. शहरातल्या मुलींच्या शाळांना तो फार सोयीचा. लाकडाचे दोन खांब, फक्कीने आखलेल्या रेघा, बस्स. मी मंद होते, तरी संघात असायची, कारण नवांतली एक पाठलागाला पळते आणि आठ जणींना बसावंच लागतं. एकीने इकडे तोंड करून, शेजारणीने तिकडे. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ पडल्याशिवाय उठायचं नाही. उठल्यावर मधली पट्टी ओलांडायची नाही आणि एकदा एका खांबाकडे निघालं की वळसा घातल्याशिवाय मागे फिरायचं नाही. त्यामुळे नुसत्या वेगाने भागत नाही, कान जागा लागतो. आमच्या पीटीच्या बाई मला मधल्या चौकोनात बसवायच्या आणि म्हणायच्या, ‘तू पळू नकोस गं, तू फक्त वेळेवर ऊठ.’ वेळेवर उठणं मला जमायचं. पळतीच्या वेळी मी शेवटच्या तिघींत असायची आणि पहिल्याच हुलकावणीत बाद व्हायची, ते वेगळं. पण गुडघ्यांवरची सुकलेली माती, घामाने चिकटलेली रिबन, सामना हरल्यावर सगळ्यांनी मिळून प्यायलेलं कोकम सरबत, हे माझ्या वाट्याला आलं. मी चांगली खेळत होते म्हणून नव्हे, जागा होती म्हणून.

या खेळाचे नियम १९१४मध्ये इथेच, डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांचा कप्तान प्रतीक वाईकर आणि महिलांची कप्तान प्रियांका इंगळे, दोघंही पुण्याच्या मैदानांवर घडलेली. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून दोन्ही चषक आपल्याकडे आले. मी टीव्हीसमोर बसून अक्षरशः ओरडत होते. रंगीत मॅट, झगमगाट, सात-सात जणांचा झटपट प्रकार. आनंदात एक बारीक कुसळ टोचत होतं. नवाचे सात झाले म्हणजे मधल्या चौकोनातल्या दोघी गेल्या. त्यातली एक मी असते. आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर गेल्यावर मातीवर सराव करणाऱ्या शाळांनी काय करायचं? मॅटवर घसरणं वेगळं, सूर मारणं वेगळं, बूटही वेगळे. खेळ मोठा झाला याचा अभिमान आहेच. फक्त तो मोठा होताना दोन खांब आणि फक्कीवाल्या शाळांना मागे टाकून पुढे जाऊ नये, एवढंच.

डेक्कन जिमखान्यावरून आठवलं. १९१९च्या सुमाराची गोष्ट आहे. जिमखान्याच्या वार्षिक शर्यती होत्या आणि अध्यक्षस्थानी होते दोराबजी टाटा. शर्यतीत उतरलेले गडी बहुतेक खेड्यापाड्यांतले शेतकरी, अनवाणी पळणारे. घड्याळ लावून पाहिलं तर त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या आसपास. त्यातून ऑलिंपिकला माणसं पाठवायचा विचार पक्का झाला आणि १९२०मध्ये अँटवर्पला भारताचा छोटा संघ गेला. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये १९वा आला. पुण्यात ही कथा कौतुकाने सांगतात, सांगावीच. मला मात्र तीत त्या अनवाणी पायांपेक्षा दुसरंच काही दिसतं: त्या दिवशी त्या लोकांना मैदानात येऊ दिलं होतं. तुमचे बूट कुठे, तुमची शाळा कोणती, अर्ज कोणामार्फत आला, यांपैकी काही आड आलं असतं तर घड्याळ लावायची वेळच आली नसती.

पेठांतल्या तालमींचंही तसंच होतं. चिंचेची तालीम, नगरकर तालीम, गल्लोगल्ली एकेक. वर्गणी नाममात्र, वस्ताद कडक, पोरगा कोणाचा हे विचारायच्या आधी त्याला जोर काढायला लावत. शाळेत जाताना उघड्या दारातून तेल, ताक, हळद घातलेल्या लाल मातीचा वास यायचा. दमट, आंबूस, काहीसा गोड. आम्ही मुली पाय रेंगाळवत तो वास घ्यायचो आणि कोणी बघितलं की झपाझप चालू लागायचो. त्या दाराच्या आत काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. गंमत म्हणजे तिथे पाटी वगैरे काही नव्हती. आत जायचं नाही हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. भाचीला तरी ‘तू पळू नकोस’ असं कोणी सांगितलंय? फक्त सुट्टी दिली.

माझी एक मैत्रीण महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिच्या शाळेत क्रीडासाहित्याचं कपाट आहे. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत रक्कम मिळते. फार नाही, पण काहीच नाही असंही नाही. तर तिच्या कपाटात फुटबॉल आहेत, रिंगा आहेत, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आहेत, बॅडमिंटनच्या रॅकेटी तर प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मी म्हटलं, ‘अगं, काढ की बाहेर.’ ती म्हणाली, ‘काढते आणि चेंडू फाटला की? डेडस्टॉक रजिस्टरला एक कमी. मग निर्लेखनाचा, म्हणजे तो नोंदीतून वजा करण्याचा, प्रस्ताव मी करायचा, तीन सह्या मी आणायच्या आणि तपासणीला आलेल्या साहेबांना फाटका चेंडू मीच दाखवायचा. फाटका चेंडूसुद्धा टाकून देता येत नाही, माहितीय?’ मला हसू आलं, तिला नाही आलं. खेळून फाटलेला चेंडू हा त्या कागदावर तोटा आहे. कपाटात हवा जाऊन चपटा पडलेला चेंडू मात्र शिल्लक, सुस्थितीत. मुलांपर्यंत खेळ का पोचत नाही याची मोठमोठी कारणं आपण चर्चांमधून देतो. हे कारण एका शिक्षिकेच्या टेबलाच्या खणात, किल्लीच्या जुडग्यात आहे. वर्षाला ठरावीक साहित्य खेळून झिजणारच, ते विनाचौकशी वजा करा, एवढं एखाद्या परिपत्रकात आलं तर निम्मी कपाटं उघडतील, अशी मैत्रिणीची पैज आहे.

मध्यंतरी काही दिवस संध्याकाळी सणस मैदानावर जाऊन बसायची मला सवय लागली होती. समोर सारसबाग, तिकडून पावभाजीच्या तव्याचा खणखणाट आणि लोणी करपल्याचा वास. इकडे ट्रॅकच्या कडेला मुलं मांड्या ताणून वॉर्मअप करत असायची. काही गाडीतून उतरलेली, काही दांडेकर पुलाकडून, पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्यांमधून चालत आलेली. एका गटात स्पाइक्सचा, म्हणजे पळायच्या खिळेवाल्या बुटांचा, एकच जोड होता आणि चौघं तो वापरत होते. वेळ लावायची असेल त्या पोराने बूट घालायचे, पळायचं आणि रेषेपलीकडे श्वास सावरायच्या आत खाली बसून ते पुढच्याला काढून द्यायचे. नाडी पूर्ण सोडत नव्हते, गाठ तशीच ठेवून टाच आत सरकवायची कला त्यांनी कमावली होती. सगळ्यांत धाकट्याला बूट दोन नंबरांनी मोठे व्हायचे. तो खिशातून शाळेचे जुने मोजे काढायचा, एकावर एक चढवायचा, तरी उरलेल्या जागेत चिंधी दाबायचा. शेजारी एक बाई मुलीसाठी थर्मासमधून काहीतरी ओतत होत्या. मला म्हणाल्या, ‘किती गोड ना, शेअर करतात.’ गोड होतंच. पण बूट पायातून पायात जात होते तोवर सर शिट्टी घेऊन ताटकळत होते आणि त्या चौघांना मिळून जेवढ्या फेऱ्या मिळाल्या तेवढ्या शेजारच्या गटातल्या एकेका मुलाला मिळत होत्या. धाकटा पोरगा पळताना खाली बघत होता. पाय बुटातून निसटेल म्हणून.

अंतर ही आणखी एक अडचण. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. पुढे २००८मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१९मध्ये खेलो इंडियाच्या युवा स्पर्धा. संकुल भव्य आहे, बघून ऊर भरून येतो. पण हडपसरच्या किंवा कात्रजच्या सातवीतल्या मुलीने शाळा सुटल्यावर पीएमपीच्या दोन बस बदलून तिथे पोचायचं, सराव करायचा आणि अंधार पडल्यावर पुन्हा दोन बसनी घरी यायचं, हे जमायला तिच्यामागे एक अख्खा मोकळा माणूस लागतो. पुण्यात मोकळी माणसं आता पेन्शनरांतच सापडतात. मैदानाचा दर्जा कितीही मोठा असो, दहा-बारा वर्षांच्या पोराचं मैदान ते, जिथून आईची हाक ऐकू येते.

आणि घराजवळ काय आहे? टर्फ. रिकाम्या प्लॉटवर हिरवा गालिचा, चहूबाजूंनी जाळी, पांढरेशुभ्र दिवे, तासाला हजार-बाराशे. मला टर्फचा राग नाही. रात्री अकराला ऑफिसातली पोट सुटलेली माणसं तिथे जीव तोडून बॉक्स क्रिकेट खेळतात, एकमेकांना शिव्या देतात, हसतात. चांगलंच आहे. डझनभर जणांत वाटलं तर डोई शंभरच्या आसपास, त्यांना ते चहा-वडापावासारखं. पण रोज शंभर रुपये कुठल्या शाळकरी मुलाच्या खिशात असतात? जाळीबाहेर नेहमी दोन-तीन पोरं उभी असतात. चेंडू वरून बाहेर आला की ती धावतात आणि एकजण तो असा काही सपाट फेकतो की आतला कीपर ‘वा रे’ म्हणतो. चेंडू आत जातो, पोरगा बाहेर. तीच शाळांची गत. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यात प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलं आहे. त्याच्या फाटकाचं कुलूप कधी उघडायचं ते लिहिलेलं नाही.

कुलपाच्या पलीकडची बाजूही मी ऐकून घेतली. ओळखीच्या एका मुख्याध्यापिका आहेत, सरळ बाई. म्हणाल्या, ‘संध्याकाळी उघडं ठेवलं होतं एक वर्ष. सकाळी वर्गांमागे बाटल्या मिळायच्या, नळ मोडलेले असायचे. एका मुलाचा हात मोडला, तो आमच्या शाळेचासुद्धा नव्हता, तरी त्याचे मामा माझ्या केबिनमध्ये येऊन टेबलावर हात आपटून गेले. शिपायाला सहानंतर थांबवायचं तर त्याचे पैसे मी कुठल्या खात्यातून काढू?’ यातलं एकही कारण खोटं नाही. बाहेरून ‘मैदानं खुली करा’ म्हणणाऱ्यांनी, त्यात मीही आले, या शिपायाच्या पगाराचं आधी बोलावं.

गुणांचं बोलायचं तर माझं मत पक्कं होत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची शिडी, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, आणि ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण. या गुणांमुळे कित्येक आईबापांनी मुलांना मैदानावर टिकू दिलं, हे मी पाहिलं आहे. नाहीतर नववी संपली की बॅट माळ्यावर आणि मूल क्लासला, हा आपला रिवाज. पण त्याच गुणांपायी असेही खेळ निघाले ज्यात मुलं कमी आणि प्रमाणपत्रं जास्त. नोकरीतल्या आरक्षणासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं तर वर्तमानपत्रांतून गाजलीच. आणि शिडी म्हटलं की प्रत्येक पायरीवर माणसं कमी होणार. शाळेचा संघ बारा-पंधरांचा. चाळणी लावणं हे स्पर्धेचं कामच आहे, तिला दोष देऊन काय करायचं? चाळणीत न राहिलेल्या मुलांसाठी दुसरं काही ठेवलेलंच नाही, दुखणं तिथे आहे. दहा वर्षांच्या मुलाला आपण दोनच वाटा दाखवतो: एकतर ऑलिंपिकच्या दिशेने चाल, नाहीतर घरी बस. मधे नुसतं खेळणं म्हणून काही असतं, वाईट खेळत का होईना पण वर्षानुवर्षं खेळत राहणं, त्याला ना गुण, ना योजना, ना ट्रॅकसूट.

सिंहगड रस्त्यावर आमच्या घराजवळ एक शाळा आहे. तिथले पीटीचे सर निवृत्त झाले आणि वर्षभरात संस्थेकडे जाऊन म्हणाले, मला मैदान द्या, संध्याकाळचे दोन तास. संस्थेने वर सांगितलेली सगळी कारणं सांगितली. सरांनी माजी विद्यार्थ्यांतली चार माणसं धरली, फाटकाची किल्ली दोघांच्या नावे लिहून घेतली, प्रत्येक मुलाच्या पालकाचं संमतिपत्र, प्रथमोपचाराची पेटी आणि एक लांब हजेरीवही. शाळा कुठली हे त्या वहीत विचारत नाहीत. नाव, इयत्ता, घरचा फोन. अट एकच, जो येईल तो खेळेल. क्रिकेटमध्ये प्रत्येकाने एक षटक टाकायचंच आणि सलग दोन दिवस एकाच मुलाने सलामीला जायचं नाही. हा नियम चालू झाला तेव्हा फार आरडाओरडा झाला. सहावीतल्या एका गुबगुबीत मुलाचं पहिलं षटक बराच वेळ संपेचना, वाइडवर वाइड, बाकीची पोरं हैदोस घालत होती. सर स्टंपांमागे हाताची घडी घालून उभे. तो मुलगा आता लेगब्रेक टाकतो असं ऐकते. वळतो की नाही देव जाणे, पण मनगट जोरात फिरवतो. चांगली खेळणारी दोन मुलं मात्र वैतागून अकादमीत गेली. त्यातल्या एकाचे वडील सरांना म्हणाले, ‘तुम्ही माझ्या मुलाला मागे खेचताय.’ सरांनी वाद घातला नाही. मुलगा खरंच चांगला आहे, त्याने जायलाच हवं होतं, असं ते मला नंतर म्हणाले. आवाजात थोडी हळहळ होती.

मुली मात्र येईनात. सरांना वाटलं मुलींना आवड नसेल. माजी विद्यार्थिनींतली एक, आता बँकेत आहे, तिने वह्या चाळल्या आणि म्हणाली, ‘सर, तुम्ही मुलींना सहा ते सात दिलंय. सातला ह्या गल्लीत दिवा नाही.’ वेळा उलट्या केल्या, मुलींना पाच ते सहा. शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्या बँकेतल्या मुलीकडे आणि तिथे एक कचऱ्याचा डबा झाकणासकट. हळूहळू मुली वाढू लागल्या. आधी भावाला सोडायला आल्यासारखं करायच्या, चपला घालूनच कडेला उभ्या राहायच्या. मग चपला काढून. आता खो-खोला दोन बाजू पुरून उरतात, मॅट नाही, माती. ‘काळी पडशील’ म्हणणाऱ्या आज्या फाटकापर्यंत येऊन बघून जातात. भाचीला मी दोनदा घेऊन गेले. पहिल्यांदा ती बाकावर बसून मोबाइल बघत होती. दुसऱ्यांदा एक मुलगी कमी पडली म्हणून तिला ओढलं, मधल्या चौकोनात बसवलं. ‘खो’ मिळाल्यावर ती चुकीच्या बाजूला धावली. नंतर मला म्हणाली की खेळ बावळट आहे, आणि पुढचा प्रश्न, ‘मंगळवारी पण असतो का?’

आता अडचण दिवसाची आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवा नसलेल्या गल्लीतून मुलींना उजेडातच घरी पोचायचं असतं, त्यामुळे पाच ते सहामधला शेवटचा पाव तास हातचा जातो. आणि वेळ पाचची असली तरी साडेपाचला शाळेची दुसरी पाळी सुटेपर्यंत मैदान रिकामं होत नाही. म्हणजे मुलींच्या वाट्याला जेमतेम पंधरा मिनिटं. दोन दिव्यांसाठी सरांनी संस्थेकडे अर्ज दिलाय. दिवे बसवून द्यायला माजी विद्यार्थी तयार आहेत, पण महिन्याचं वीजबिल कोणी भरायचं यावर फाइल थांबली आहे. तोवर सरांनी मुलींना रविवार सकाळ दिली. ती सकाळ आजवर मोठ्या मुलांच्या क्रिकेटची होती. मुलांचं म्हणणं, आम्ही पहिल्यापासून आहोत. मुलींचं म्हणणं, वहीत सगळे सारखेच आहेत ना. गेल्या रविवारी दोन्ही बाजू साडेसातला हजर होत्या, एकीकडे स्टंप रोवलेले, दुसरीकडे खो-खोच्या रेघा मारलेल्या, आणि सर मधे उभे राहून दोघांनाही घड्याळ दाखवत होते.